बार्टन चालेल ती शीव

२७ मे, मंगळवार

आजची घटना, क्रमाने:

१. सकाळी विल्फ ऑक्स्टबी (वय ७९, राहणार बार्टन, समुद्राकडच्या ओळीतलं शेवटचं घर) गावाच्या उत्तरेच्या कड्यावरून मातीच्या ढिगासकट खाली गेले.
२. ते किनाऱ्यापर्यंत गेले नाहीत. मध्यावर घसरून थांबलेल्या मातीच्या टप्प्यावर अडकले.
३. कुत्रा फिरवायला निघालेल्या एका बाईंनी हाक ऐकली. तटरक्षक दलाच्या माणसांनी दोर लावून त्यांना वर काढलं.
४. कमरेचं हाड आणि डावं मनगट मोडलं आहे. शुद्धीवर होते. टोपी मागत होते.
५. माती गेली ती जागा खुंट्यांच्या बाहेर, समुद्राच्या बाजूला आहे.
६. खुंट्या मी ठोकलेल्या आहेत. त्या जागेवर, सरळ उभ्या आणि लांबून दिसतील अशा होत्या. मधली दोरी शाबूत होती.
७. त्या वेळी तिथे दुसरं कोणी नव्हतं.

सातही मुद्दे बरोबर आहेत. पुन्हा तपासले. हेच कार्यालयाला पाठवलं.

त्यांची झाडांना पाणी घालायची हिरवी झारी काठाशी आडवी पडली होती. वाऱ्याने खाली गेली असती. पोटावर सरपटत जाऊन ती घेतली आणि गाडीत मागे ठेवली. परत द्यायची आहे.

२८ मे

गॅरेथ, म्हणजे माझे वरिष्ठ, लीड्सहून आले. चर्चच्या शेजारच्या सभागृहात लोकांना बोलावलं होतं. मला वाटलं होतं चारपाच जण येतील. अख्खं गाव आलं. डोरीन सिसन्सने चहाचं भांडं लावलं होतं. चर्चची व्यवस्था तीच बघते; किल्ल्याही तिच्याकडे असतात आणि मतंही.

गॅरेथने विचारलं, "सोमवारी शीव चालताना तुम्ही सगळे कड्यावर गेला होतात. तेव्हा कोणी दोरीच्या बाहेर गेलं होतं का?"

"कोणीही नाही," डोरीन म्हणाली. "आमच्या हेस्टरने दोरी बांधलीय. ती ओलांडायची आमची काय बिशाद."

"विल्फ मंगळवारी तिकडे का गेले असतील?"

"एकोणऐंशीचा आहे तो. मागच्या आठवड्यात दुकानात जाऊन दूध विसरून आला."

"मीही विसरते," मागून कोणीतरी म्हणालं, "आणि मी पन्नाशीची आहे." सगळे हसले. मग सगळ्यांनी एकामागून एक तेच सांगितलं आणि लिहून दिलं, दोरीच्या आतून चाललो. मासे विकणाऱ्याने तर दोरीला हात लावत चाललो म्हणून सांगितलं.

मी खिडकीपाशी उभी होते. मला कोणी विचारलं नाही. डोरीनने माझ्या हातात कप दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "साखर घातलीय. पी."

मी साखर घेत नाही. प्यायले.

गाडीत बसताना गॅरेथ म्हणाले, "तुझं आडनाव आपल्याला लाभलं बघ. दुसरं कोणी असतं तर यांनी फाडून खाल्लं असतं."

३० मे

सोमवारचं लिहिलं नव्हतं. सुट्टीचा दिवस होता आणि कामाचं काही घडलं नव्हतं, असं मी ठरवलं होतं. आता लिहिते.

फेब्रुवारीत मी इथे आले ती कडा मोजायला. बार्टन नावाची गावं या देशात पुष्कळ आहेत. हे त्यांतलं दर वर्षी लहान होणारं. समुद्र मातीचा कडा खालून खातो, वरचं शेत जातं, मग रस्ता, मग घर. समुद्राकडची ओळ किती वर्षं राहील हे सांगणं माझं काम. माझ्या आधी आलेल्या दोघांना लोकांनी फाटकाच्या आत घेतलं नव्हतं.

पहिल्या दिवशी विल्फनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र चष्मा वर करून वाचलं.

"यावर गावाचं नाव कशाला?"

"ते माझं आडनाव आहे. हेस्टर बार्टन."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग घराकडे तोंड करून, तिथे ऐकायला कोणी नसताना, म्हणाले, "आली बघा परत."

त्यांनी फाटक उघडलं. आठवड्याभरात ओळीतल्या सगळ्यांनी आपापल्या परसांत मातीचे नमुने घ्यायला मला भोकं पाडू दिली.

माझे आजोबा तान्हे असताना शेफील्डच्या स्टेशनवर बाकाखाली सापडले. ज्या आश्रमात वाढले तिथे बेवारस मुलांना गावांची नावं आडनाव म्हणून द्यायचे, अक्षरांच्या क्रमाने. आजोबांच्या आधी आलेला मुलगा ॲशबी, नंतरचा कार्लटन. मधले आजोबा. बाबा ही गोष्ट नाताळच्या जेवणाला विनोद म्हणून सांगतात. बार्टनशी, कुठल्याही बार्टनशी, आमचा काही संबंध नाही. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तीन महिने मी ते सांगितलं नाही.

मे महिन्यात इथे शीव चालतात. पाद्री, मुलं, कुत्री, सगळे गावाच्या हद्दीवरून चालतात आणि काठ्यांनी दगड बडवतात. नियम एकच, कोपरा कापायचा नाही. जिथे चाललं नाही ती जमीन गेली असं मानतात. आणि बार्टन आडनावाचं माणूस मिळालं तर ते पुढे. "बार्टन चालेल ती शीव," विल्फ म्हणाले. "आम्ही नुसती मागची पावलं."

निघताना मला चौघांनी हातापायांना धरून उचललं आणि चर्चच्या भिंतीतल्या दगडावर तीनदा आपटलं.

"हे पोरांना करायचे, शीव ध्यानात राहावी म्हणून," डोरीन म्हणाली. "आता दर वर्षी तीच तीच पोरं. नवं बूड तुझंच."

मला स्पर्श आवडत नाही. इथे तरी खरं लिहावं. त्या वेळी मी हसत होते.

उत्तरेच्या कोपऱ्यातला शिवेचा दगड कधीच समुद्रात गेला. त्याच्या जागी, जमेल तितकं काठाजवळ, विलोच्या झाडाची ओली काठी रोवतात. मी खुंट्यांपाशी थांबले. दोरी माझ्या गुडघ्याला लागत होती. मागे सगळे थांबले. विल्फनी टोपी काढली होती.

शनिवारी मी तिथली भेग मोजली होती. ती रुंदावली होती. खुंट्या मागे घ्यायला हव्या होत्या आणि उत्तरेची वाट बंद करायला हवी होती. मग शीव चालणं झालं नसतं. सुट्टी संपली की घेऊ, असं ठरवलं.

मी दोरी ओलांडली. काठापर्यंत गेले आणि काठी रोवली. माझ्यामागून, माझ्याच पावलांवर पाय देत, विल्फ आले. मग डोरीन. मग आणखी काही जण, मुलं दोरीच्या आत ठेवून. जमीन काही म्हणाली नाही.

परतताना विल्फ म्हणाले, "इतकी वर्षं तुमच्या लोकांच्या खुंट्या बघून मी तिकडे जायचं सोडलं होतं. तू गेलीस म्हणजे जाता येतं."

"हं," मी म्हणाले.

"काठीला उद्या सकाळी पाणी घालायचं असतं. मुळं धरली तर वर्ष बरं जातं. ते माझं काम. वडिलांचंही होतं."

म्हणजे ते तिकडे का गेले हे मला माहीत आहे. वर मंगळवारचे सात मुद्दे आहेत. ते अजूनही बरोबर आहेत.

३ जून

हलच्या रुग्णालयात गेले. द्राक्षं नेली. विल्फना द्राक्षं आवडत नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दिली.

"कडा काय म्हणतो?"

"आणखी थोडा गेला. तुमच्या घरापर्यंत अजून वेळ आहे."

"माझ्यापेक्षा जास्त?"

"बहुतेक."

ते खूश झाले. मी म्हणाले, "विल्फ, तुम्ही पाणी घालायला गेला होतात."

त्यांनी दाराकडे पाहिलं. "मी भरकटलो."

"तुम्ही भरकटला नाहीत."

"पोरी, दुसऱ्याच्या पडण्यावरून वाद घालू नये. मी पडलो, मला माहीत. तो लीड्सवाला तुला नोकरीवरून काढेल. मला कोण कशावरून काढणार?"

बाहेर त्यांची मुलगी लिंडा भेटली. डॉनकास्टरला असते, शाळेत शिकवते. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

"मिस बार्टन, तुम्ही आलात, बरं वाटलं. ते गावात कोणाबद्दल बोलत नाहीत, तुमच्याबद्दल बोलतात." मग तिने आवाज खाली केला. "कड्यावर का गेलात, असं डॉक्टरांनी तीन वेळा विचारलं. दर वेळी एकच, 'असंच गेलो.' असंच कोणी जातं का? त्यांचं डोकं काम करत नाहीये. एकोणीस तारखेला रुग्णालयात बैठक आहे. एकटे राहू शकत नाहीत असं ठरलं तर माझ्याजवळच्या वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय. चांगला आहे. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो."

मी म्हणाले, "त्यांना समुद्र लागतो."

"समुद्राने तर खाल्लं असतं त्यांना," ती म्हणाली.

मला सांगता आलं असतं. वाहनतळाचं यंत्र जास्त पैसे मागेल म्हणून निघते, असं मी म्हणाले.

८ जून, रविवार

चर्चमध्ये पुढून पहिला डावा बाक रिकामा ठेवतात. बार्टनांचा बाक. मार्चपासून मला तिथेच बसवतात. आज मी मागे बसले. डोरीन आली, माझ्या कोपराला धरून उठवलं आणि पुढे नेऊन बसवलं.

नंतर तिच्याकडे पनीरचं गोड सारण भरलेला टार्ट खाल्ला. मी विचारलं, "शेवटचे बार्टन इथे कधी होते?"

"इथे? कधीच नाही. मी चर्चच्या सगळ्या वह्या पाहिल्यात. जन्म, लग्नं, मरणं. सिसन्स ढिगाने, ऑक्स्टबी ढिगाने, बार्टन एक नाही."

"मग बाक?"

"अगं, गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारतं? तू गाव सोडून दहा मैल गेलीस की तिथले म्हणणार, ती बार्टनची. नाव लागतं ते गेलेल्यांना. म्हणून बाक. कोणी परत आलं तर बसायला जागा नको?"

"आणि शीव चालायला कोण असायचं?"

"मिळेल तो. एका वर्षी बेव्हर्लीचा दातांचा डॉक्टर होता, चिखल बघून रडकुंडीला आला. एका वर्षी हलचा पाववाला, तो काळा माणूस, वडील जमैकाचे. काय आवाज होता त्याचा, अजून लोक आठवण काढतात. तो दर नाताळला पाव पाठवायचा." तिने माझ्या ताटलीत दुसरा तुकडा टाकला. "विल्फ म्हणतो, या सगळ्यांत चालणं तुझं चांगलं. तू बघून पाय टाकतेस."

या लोकांनी जे खोटं सांगितलं ते एका नावासाठी सांगितलं, आणि ते नाव माझ्याकडे एका यादीतून आलं आहे. डोरीनला हे कळलं तर ती काय करेल याचा विचार करत टार्ट संपवला. ती मात्र माझ्या बुटांबद्दल बोलत राहिली. नवे घे म्हणाली.

११ जून

आज जे केलं ते लिहायला बसले आणि दोनदा उठले.

लिंडा घर आवरायला आली होती. विल्फच्या दारासमोर खोकी दिसली म्हणून मी थांबले. ती मागच्या परसात होती. काचेच्या छोट्या घरात टोमॅटोची रोपं मान टाकून उभी.

"झारी सापडत नाहीये," ती म्हणाली. "हिरवी. आईने घेतलेली. ते ती कधी इकडची तिकडे करत नाहीत, नळाच्या खिळ्याला टांगलेली असते. बघा, आता हेही. कुठे टाकली असेल देव जाणे."

माझी गाडी फाटकाबाहेर उभी होती. झारी मागच्या बाजूला, मोजपट्ट्या आणि लोखंडी खिळ्यांच्या पेटीशेजारी होती. मी रोज ती बघते.

मी म्हणाले, "किटलीने घालू या."

आम्ही दोघींनी किटलीने पाणी घातलं. चारपाच खेपा झाल्या. लिंडा रोपांशी हळू आवाजात बोलत होती. बाबांची सवय, म्हणाली. शेवटी तिने किटली खाली ठेवली आणि हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. "मी त्यांच्यावर ओरडले काल. सांगा ना बाबा, का गेलात, म्हटलं. तर म्हणतात, 'म्हातारा आहे, असंच.' त्यांनी उभ्या आयुष्यात असंच काही केलेलं नाही."

"नाही," मी म्हणाले.

तिने माझे आभार मानले. मी गाडी गावाबाहेर नेऊन थांबवली आणि इंजिन चालू ठेवूनच बसले.

मी पोटावर सरपटत गेले होते ते वाऱ्यामुळे नाही. त्या दिवशी वारा नव्हता.

१२ जून

सकाळी गॅरेथना फोन केला. शनिवारची भेग, सोमवारची दोरी, झारी, सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "तुला कोणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग?"

"मुद्दे अपुरे होते."

"हेस्टर, अख्ख्या गावाने लिहून दिलंय. ते सगळे खोटे ठरतील. तुझ्यामुळे."

हे मी हिशेबात धरलं नव्हतं. "मी सांगितलं म्हणून ते तसं बोलले नव्हते," मी म्हणाले. "पण मी तिथे होते आणि गप्प राहिले, हेही त्यात लिहीन."

दुपारी लेखी पाठवलं. चारनंतर उत्तर आलं: चौकशी होईपर्यंत कड्यावरचं काम दुसरा माणूस बघेल. त्याने खुंट्या आधी मागे घ्याव्यात, एवढं मी कळवलं.

मग लिंडाकडे गेले. ती खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. मी झारी तिच्यासमोर धरली आणि सांगितलं. उभ्याउभ्याच, पटपट. ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं.

तिने झारी घेतली. आत डोकावून पाहिलं. तळाशी थोडं पाणी अजून होतं. ती पायरीवर बसली.

"म्हणजे ते पाणी घालायला गेले होते."

"हो."

"म्हणजे कुठे जातोय, का जातोय, सगळं माहीत होतं त्यांना."

"सगळं. माझ्याच पावलांवरून गेले ते. चूक त्यांच्या डोक्याची नाही."

ती कितीतरी वेळ झारीच्या दांड्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "काल आपण किटलीने पाणी घातलं."

"हो."

"तेव्हा ही गाडीत होती."

"हो."

"जा आता तुम्ही," ती म्हणाली. हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१३ जून

डोरीन खोलीवर आली. सगळं तिच्या कानावर गेलं होतं. खुर्ची मी दिली नाही तरी ती बसली.

"आम्हाला खोटं पाडलंस."

"हो. मला माफ करा."

"आमचं आम्ही बघू. पाद्री तेव्हाच सांगत होता, की नीट शब्द निवडा म्हणून." ती थांबली. "विल्फ मात्र हट्टी आहे. लिंडाने त्याला फोनवर विचारलं. म्हणतो, ती पोरगी स्वतःला उगाच दोष देतेय, मी असंच गेलो. बैठकीत हेच सांगणार म्हणतो. मग तू काहीही लिहिलंस तरी म्हाताऱ्याला डॉनकास्टर."

"मी रुग्णालयात जाऊन सांगते."

"तुला लिंडा आत सोडणार नाही. आणि तू तोंडाने काही सांगतेस ते निम्मंच असतं. लिही. मी उद्या जाणार आहे, मी देते."

खाली उतरताना जिन्यावरून तिने वर पाहिलं. "आणि रविवारी बाकावर ये. रिकामा बाक बघून मला प्रार्थना सुचत नाही."

माझ्या नावाचं अजून तिला सांगायचं राहिलं आहे, हे तिला कुठे ठाऊक.

१४ जून, शनिवार

डोरीनकडे दिलेल्या पत्राची ही प्रत.

प्रिय विल्फ,

सोमवारी, २६ मे रोजी, मी माझ्याच दोरीबाहेर गेले. जमीन भेगाळलेली आहे हे मला शनिवारपासून माहीत होतं. जाता येतं असं तुम्हाला वाटलं, कारण मी गेले. तुम्ही तसं म्हणालात तेव्हा मी "हं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात ते काठीला पाणी घालायला. झारी मी लपवली. हे सगळं मी कार्यालयाला लिहून दिलं आहे आणि लिंडाला सांगितलं आहे. त्यामुळे तुम्ही भरकटलो म्हणालात तरी माझा काही फायदा होणार नाही. तुमचं नुकसान मात्र होईल.

तुम्ही हे माझ्या आडनावासाठी करत असाल तर तेही सांगते. माझ्या आजोबांना ते नाव एका आश्रमाने दिलं, गावांच्या यादीतून, त्यांची पाळी आली तेव्हा. मी तुमच्या गावची नाही. कधीच नव्हते. फाटकापाशी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण "आली परत" असं मला आधी कोणी म्हटलं नव्हतं.

काल ओहोटीला खाली किनाऱ्यावर गेले होते. काठी मातीबरोबर घसरून खालच्या टप्प्यावर उभी आहे. तिला अंकुर आहेत की नाहीत, ते इतक्या लांबून सांगता येत नाही.

टोमॅटोंना पाणी मिळत आहे. लिंडा घालते, झारीने.

गुरुवारी, १९ तारखेला, तुम्हाला पुन्हा विचारतील की कड्यावर का गेलात. तेव्हा खरं कारण सांगाल का? हो की नाही, एवढंच बुधवार, १८ जूनपर्यंत डोरीनबरोबर कळवा.

हेस्टर